साडी राहू दे, आधी पंचा विण

(पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापलं आहे.)

प्रिय काकू,

मी मालवण तालुक्यातली, वय २७. मुंबईत टेक्स्टाइल डिझाइन शिकले, चार वर्षं एका एक्स्पोर्ट कंपनीत नोकरी केली, आणि गेल्या गणपतीला गावी आले ती परत गेलेच नाही. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर तेही असेच गावी आले आणि इथलेच झाले. माळा साफ करताना त्यांचा एक धोटा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) सापडला, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: कोकणचा हातमाग पुन्हा उभा करायचा.

आजीच्या आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांत चौकडीची लुगडी मिळाली. तांबडी, हिरवी, अरुंद काठांची. त्यांवरून मी डिझाइनं तयार केली आहेत. बचत गटातल्या तिघी शिकायला तयार आहेत. माझे साठवलेले अडीच लाख आहेत. मुंबईत प्रदर्शनांना माल लावणाऱ्या ओळखीच्या एक बाई मात्र म्हणतात, माग लावण्यात दोन वर्षं जातील, तोवर बाजारातलं चौकडीचं आणि खणाचं कापड घे, साड्या-कुर्ते कर, आजीचा फोटो टाकून 'कोकणची पारंपरिक हातमाग साडी' असं लेबल लाव. लोकांना गोष्ट हवी असते, कापड कुठलं ते कोण बघतं? आई वेगळीच. ती म्हणते, "आज्यान मुंबयत साचे चालवल्यान, नि तू आता घरात माग लावतलंस?"

असं लेबल लावण्यात इतकं काय चुकतं? आणि माग लावायचाच झाला, तर पहिली साडी कशी असावी?

एक वाचक, मालवण तालुका

---

अगं बाय,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळी होते. ते लेबल लावू नकोस. यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्या बाईंना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण कायदा जरा बाजूला ठेव. त्या लेबलात चार शब्द आहेत. साडी हा शब्द खरा. हातमाग खोटा, हे तुलाही कळतंय, म्हणून तर पत्र लिहिलंस. 'पारंपरिक' आणि 'कोकणची' हे दोन मात्र तुला खरे वाटतायत, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

त्या लुगड्यांपासून सुरू करू. पेटीतलं एखादं लुगडं उजेडात धर आणि पदराचं टोक बघ. गिरणीचा छाप उरलाय का? बहुतेक वेळा धुऊन गेलेला असतो, पण कधीकधी कडेला पुसट निळी-जांभळी अक्षरं दिसतात. छाप नसला तरी आजीला विचार, लुगडं कुठून आलं. ती सांगेल, बाजारातून, किंवा घाटावरून, किंवा आजोबांनी मुंबईहून आणलं. 'आपल्या वाडीतल्या साळ्याने विणलं' असं सांगणारी म्हातारी तुला मालवणात सापडली तर मला ताबडतोब कळव, मी पहिल्या एसटीने येते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला, आणि तिथली लुगडी-पातळं घाट उतरून खाली यायची. म्हणजे तुझ्या आजीचं जे लुगडं तू हातमागाचं समजून छातीशी धरलंयस, ते बहुधा यंत्रमागावरचंच आहे. आजी त्यात कमी सुंदर दिसत नव्हती.

कोकणात माग नव्हतेच असं मी म्हणत नाही. मार्को पोलोने ठाण्याच्या कापडाची नोंद केली आहे. चौलचं रेशीम पोर्तुगीजांच्या काळात नावाजलेलं होतं, आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा जे कारागीर तिकडे बोलावले त्यांत चौलचे विणकर होते. पण नीट बघ, ही सगळी बंदरं आहेत. आपल्या जांभ्यावर आणि या पावसात कापूस होत नाही. सूत बाहेरून यायचं, कापड बाहेर जायचं, आणि बंदर गाळाने भरलं की विणकर दुसरीकडे जायचा. विदर्भात, खानदेशात, सोलापुरात जसा विणकर गावात मुरला, तसा तो आपल्याकडे मुरला नाही.

मग आपल्याकडचं विणकाम गेलं कुठे? मुंबईला गेलं, बोटीत बसून. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता) गिरण्यांत गेला आणि पिढ्यान्पिढ्या साळखात्यात उभा राहिला. तुझी आई 'साचे' म्हणते ना, तोच गिरणीतला माग. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम धरलेला दमटपणा. दमट हवेत सुताला बळ येतं, हे तुझ्या आजोबांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. तुझ्या घरात विणकामाची परंपरा आहे, बाई, आणि ती चांगली दणदणीत आहे. फक्त ती यंत्रमागाची आहे, मजुरीची आहे, आणि १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात तुटलेली आहे. प्रदर्शनातल्या बाईंना ती गोष्ट नको असणार. चौकडीचं लुगडं नेसलेल्या आजीचा फोटो खपतो. संपानंतर ट्रंक घेऊन एसटीतून उतरलेल्या आजोबांचा खपत नाही.

आता माझंच एक सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलतेय असं वाटायला नको. वीसेक वर्षांपूर्वी माझं रत्नागिरीत छोटं दुकान होतं. एका व्यापाऱ्याकडून दोनशे शेले 'हातमागाचे' म्हणून घेतले, वर माझ्या अक्षरात पाटी लिहून लावली. दीडशे विकले गेले. मग एक दिवस चिपळूणकडचे एक निवृत्त गिरणी कामगार बायकोबरोबर आले. शेला हातात घेतला, नक्षी बघितलीच नाही, कड दोन बोटांत धरून उलटी केली आणि म्हणाले, "बाई, हा काठ कापलेला आहे." धोट्याच्या मागावर आडवा धागा कडेला पोचून वळतो आणि परत येतो. धोटा नसलेल्या नव्या यंत्रांवर तो दर फेऱ्याला कडेशी कापला जातो, मग ती झालर छाटून दुमडून टाकतात. मी दोनशे शेले हाताळले होते आणि एकदाही कड उलटून बघितली नव्हती. उरलेले पन्नास मी 'यंत्रमाग' अशी पाटी लावून निम्म्या किमतीत काढले. आधीच्या गिऱ्हाइकांपैकी जी ओळखीची होती त्यांना पैसे परत केले. बाकीच्यांकडे आजही माझ्या अक्षरातलं खोटं असेल.

कडेची ही खूणही अर्धीच उपयोगाची आहे, बरं का. जुन्या यंत्रमागांना धोटा असतोच, त्यांची कड हातमागासारखीच वळते. खात्री करायची तर मागापाशी जाऊन उभं राहायचं. ते जमत नसेल तर निदान हातमागाचं सरकारी चिन्ह आणि त्याचा क्रमांक मागायचा.

खणाबद्दल दोनच ओळी, कारण तो विषय निघाला की माझं तोंड थांबत नाही. खण विणतात गुळेदगुड्डला, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. पन्हा मुळात लहान, कारण तो चोळीपुरता. आपण देवीची ओटी भरतो तो हा, म्हणजे त्याचं नाव आपलं, वापर आपला, विणणारा हात तिकडचा. आता खणाच्या पर्सा झाल्या, खणाची लॅपटॉपची पिशवी झाली, अख्ख्या साड्या झाल्या आणि त्यातल्या कितीतरी पॉलिस्टरच्या, यंत्रमागावर विणलेल्या. त्या नेसू नये असं नाही. पण 'कोकणची' कशाला म्हणायचं?

तुझ्या मनात येईल की गोव्यात झालं मग आपल्याकडे का नाही? कुणबी साडीची गोष्ट तू कॉलेजात ऐकली असशील. लाल-पांढऱ्या चौकडीचं ते जाडंभरडं आखूड लुगडं, खांद्यावर गाठ मारून नेसायचं, शेतात चिखल तुडवताना सोयीचं. ते संपत आलं होतं. कोलवाळला राहणारे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते शोधलं, विणून घेतलं, आजच्या सहावारी मापात बसवलं आणि थेट दिल्लीच्या फॅशन वीकला नेलं. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० साली ते गेले. खाली कर्नाटकच्या किनाऱ्यावर उडुपी साडीचंही तसंच. किन्नीगोळीजवळ ताळीपाडीच्या विणकर सोसायटीत थोडेच म्हातारे विणकर उरले होते. कडिके ट्रस्टने त्यांच्या बाजूला नवी माणसं शिकायला बसवली. दोन्हीकडे एक गोष्ट होती जी तुझ्याकडे नाही. तिथे कापड कोणाचं, नेसायचं कोणी, विणायचं कोणी, हे माहीत होतं. धागा बारीक झाला होता, पण तुटला नव्हता. तुझ्याकडे फोटो आहेत आणि उत्साह आहे. त्यातून साडी होईल, पण ती तुझी साडी होईल, २०२० नंतरच्या दशकातली, मालवण तालुक्यातल्या एका मुलीने काढलेली. तसं म्हणून विक ना. मला त्यात काहीच कमीपणा दिसत नाही.

पण आत्ता नको. आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पहिली साडी कशी असावी? पहिली साडी नसावीच. पंचा असावा.

हसू नकोस. परवा जुलैत मी तारकर्लीला एका होम-स्टेमध्ये दोन रात्री राहिले. खोली स्वच्छ, सोलकढी उत्तम, मालकीण गोड. आणि खोलीत पांढरेशुभ्र जाडजूड टॉवेल, ज्यांना कुबट वास. बिचारी काय करणार? पावसाळ्यात असा टॉवेल तीन दिवस वाळत नाही. तसला हॉटेलचा टॉवेल चौरस मीटरला चारशे-पाचशे ग्रॅम भरतो. वातानुकूलित इमारतीत, यंत्रात वाळवायच्या हिशेबाने केलेली ती वस्तू आहे. आपण ती आणून पडवीतल्या दोरीवर टाकतो आणि चार महिने आकाशाकडे बघत बसतो. त्याच घरात मालकिणीचा सासरा खांद्यावर पंचा टाकून हिंडत होता. बागेतून आला, अंग पुसलं, पिळला, झटकला, दोरीवर टाकला. जेवणं उरकेपर्यंत वाळला.

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता किती घरांनी खोल्या काढल्यात ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. प्रत्येकीची ही अडचण आहे आणि तिचं उत्तर कोकणाच्या खांद्यावर कधीपासून पडलेलं आहे. फक्त बाजारात मिळणारा पंचा पाहुण्याला देववत नाही, फार विरळ, फार आखूड, दोन धुण्यांत जाळी होते. तो नीट विणणं हे डिझाइनचं काम आहे. तुला कॉलेजात मूडबोर्ड करायला शिकवलं असेल, त्यावर समुद्र, जांभा आणि सुपारीची बाग चिकटवली असशील. त्याऐवजी एक पंचा, एक टॉवेल आणि एक घड्याळ घे आणि पावसात कोणता किती वेळात वाळतो ते लिहून काढ.

आता धाग्याचं. उभ्याला २० नंबरचं दुपदरी सूत घे, आडव्याला १० नंबरचं, कमी पिळाचं, म्हणजे ते पाणी ओढेल. (नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा, नंबर मोठा तितकं सूत बारीक. हे तुला येतं, पण तुझ्या तिघींना सांगावं लागेल.) इंचाला ३६ उभे धागे धर. धुतल्यावर रुंदी ३० इंच हवी तर मागावर ३३ धरावी लागेल, म्हणजे ११८८ धागे एकेक करून ओवायचे आणि फणीतून (धागे सारख्या अंतरावर धरणाऱ्या कंगव्यातून) काढायचे. पहिल्या वेळी दोन दिवस जातील आणि मान धरेल. पण त्यानंतर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की तो पुरता संपू देऊ नकोस. जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं जोडून घ्यायची, म्हणजे पुन्हा ओवणी नाही. कितीतरी हौशी लोक ताणा संपवून टाकतात आणि दर वेळी पहिल्यापासून रडतात. असा पंचा चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास येईल, हॉटेलच्या टॉवेलच्या तिसऱ्या हिश्शाइतका.

दुपदरी सूत सुचवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या हवेत फार मोठं आहे. एकपदरी सुताचा ताणा करायचा तर त्याला खळ लावावी लागते, नाहीतर फणीच्या घासणीने तो पिंजतो. आणि खळ म्हणजे पिठाचीच पेज. आषाढात खळ लावलेला ताणा मागावर चार दिवस तसाच राहिला की त्याच्यावर बुरशीची लव चढते. मी ती पाहिली आहे, हिरवट-काळे ठिपके, बत्तीस मीटर ताणा, सगळा फुकट. दुपदरी सुताला खळीशिवाय चालवता येतं. आपला दमटपणा सुताला मानवतो, आजोबांच्या खात्यात तो मुद्दाम करावा लागे, तुला फुकट मिळतोय. मानवत नाही ते लोखंडाला. साधी पोलादी फणी खाऱ्या हवेत एका पावसात गंजते आणि पांढऱ्या कापडावर तांबूस रेघा उमटतात, त्या मग जन्मात जात नाहीत. स्टेनलेस स्टीलची फणी माग घेतानाच घ्यायची. इथे पैसे वाचवू नकोस.

रंगाबद्दल तू पत्रात दोन पानं लिहिली होतीस (ती मी छापली नाहीत), कोकम, हळद, सुपारी, फणस. कोकम आणि हळद विसर. डोळ्यांना सुखावतात आणि उन्हात उडतात. हळदीला तर साबण लागला की कुंकवासारखी लाल होते, पाहुणा घाबरेल. फणसाचं लाकूड मात्र खरं सोनं आहे. सुताराकडचा फणसाचा भुसा उकळ, सुताला आधी हिरड्याचं पाणी दे, मग तुरटीचं, मग हा रंग. ब्रह्मदेशातल्या भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवायची पद्धत होती. आपल्याकडे नायलॉन यायच्या आधी मासेमारीची सुताची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, कुजू नयेत म्हणून. तेव्हा सालीचा तुरटपणा धाग्यात मुरवायचं ज्ञान किनाऱ्यावर होतं. तुझ्या गाबितवाड्यात एखाद्या आजोबांना आठवत असेल, विचारून ठेव. विहिरीचं पाणी आधी तपास. त्यात लोह असेल तर हिरड्याशी जमून सगळा रंग काळपट-राखाडी होतो, आणि जांभ्याच्या मुलखात ते होऊ शकतं. पावसाचं पाणी साठवून त्यात रंगवलं तर उत्तम.

आणि हे सगळं सांगून म्हणते, पंच्याला हा रंग लावू नकोस. पंचा रोज साबणाच्या तोंडी जाणार, होम-स्टेमध्ये तर कडक पावडरच्या. त्याच्या काठाच्या दोन रेघांना गिरणीचं पक्क्या रंगाचं सूत वापर आणि तसं सांग. फणसाचा पिवळा पुढच्या वर्षी शेल्यांसाठी राख.

पैशांचं आता सरळ बोलू. हे आकडे मी धरलेले आहेत, तुझ्याकडच्या भावाने बदलून घे. सूत दोनशे ग्रॅम, तूटफूट धरून, ४०० रुपये किलोच्या भावाने ८०. हात बसल्यावर एक बाई दिवसाला दोन पंचे काढेल; तिला ४०० रुपये रोज दिलास तर पंच्याला २०० मजुरी. ताणा आणि आडव्या सुताच्या कांड्या भरणारीचे ६०. धुणं, गोंडे वळणं ३०, बाकी किरकोळ ३०. झाले ४००. ६५० ला विकलास तर २५० उरतात. पण तोच पंचा शहरातल्या दुकानात ठेवलास आणि त्यांनी ३५ टक्के घेतले तर तुझ्या हातात येतात ४२२, उरतात २२ रुपये. म्हणून दुकानामागे धावू नकोस. होम-स्टेवालीही खोलीखोलीत ठेवायला ६५० चा पंचा घेणार नाही, हे मला माहीत आहे. तिला दोन दे, आगाऊ पैसे न घेता. एक पाहुण्याच्या खोलीत, एक तिच्या टेबलावर विकायला. ज्याने दोन दिवस वापरला तो जाताना विकत मागतो.

अडीच लाखांत तिघींना बसवता येणार नाही. दोघींना सहा महिने रोजाने पैसे द्यायचे तर महिन्याला २५ दिवस धरून १,२०,००० तिथेच गेले. उरलेल्यात माग, फणी, सूत, आणि हात बसेपर्यंत वाया जाणारं कापड. त्यामुळे एकच माग, दोघी जणी आणि तू. तिसरीला आत्ताच स्पष्ट सांग, पुढच्या वर्षी. आणि शिकण्याच्या काळात रोजाने पैसे, नगावर नाही. नगावर ठेवलंस तर पहिल्या महिन्यात त्यांच्या हातात पाचशे रुपये पडतील, काजूच्या कारखान्यात त्याहून जास्त मिळतात, आणि त्या जातील. जाव्यातच. सरकारी योजनांची फार आशा धरू नकोस. २०२३ ला आलेल्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत काथ्या विणणारे आहेत, मासेमारीची जाळी करणारे आहेत, हातमाग विणकर नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, पण आधी विणकर म्हणून नोंद लागते आणि नोंद होण्याआधी विणावं लागतं.

त्याआधी तू स्वतः मागावर बसायला शीक. डिझाइनच्या पदवीत तू माग किती दिवस चालवलास? पंधरा? चाळीस? मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात जा, प्रशिक्षणाची चौकशी कर. १९५० च्या दशकात हातमाग-हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकरांच्या पुढाकाराने ही केंद्रं निघाली, आणि चांगले चांगले चित्रकार तिथे कापडाची नक्षी काढायला बसले. आपल्या अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे त्यांतले एक. बनारसला आणि मग मुंबईला त्यांनी कितीतरी वर्षं विणकरांसोबत काम केलं. त्यांची चित्रं बघताना मला नेहमी वाटतं, या माणसाने मोकळी जागा सोडायला मागावर बसलेल्यांकडे बघून शिकलं असेल. माझा आपला अंदाज. महेश्वरला विमेनवीव्ह संस्थेची हातमागाची शाळा आहे, तिथेही एकदा जाऊन ये, निदान बाई माग कसा चालवते ते तिच्याशेजारी बसून बघायला. तीन महिने दे. आई विचारेल तेव्हा सांग, आजोबांनीही आधी बदली कामगार म्हणून उभं राहून शिकलं असेल, कोणी पहिल्या दिवशी साचा हातात दिला नसणार.

त्यांचा धोटा मागाला वापरायला जाऊ नकोस. तो गिरणीच्या वेगासाठी केलेला, जड असतो, हातमागाला तो पेलणार नाही. तेल लावून भिंतीवर ठेव.

लेबल मात्र लाव, तेवढी हौस हवीच. त्यावर लिही: मालवण तालुक्यात हातमागावर विणलेला पंचा. सूत बाहेरून आणलेलं, रेघांचा रंग गिरणीचा. विणणारीचं नाव, तिची परवानगी घेऊन. कधीपासून विणतो ते साल. आजीचा फोटो पेटीत राहू दे. प्रदर्शनवाल्या बाईंना हे लेबल दाखव. त्या 'यात गोष्ट काय आहे?' असं विचारतील, तेव्हा त्यांना एक पंचा भिजवून हातात दे आणि चहा होईपर्यंत दोरीवर टाकायला सांग.

पहिला निघाला की एक मला पाठव, पैसे देऊन घेईन. फक्त पाठवण्याआधी दहा वेळा धू, कोरा नको मला. आणि पार्सल श्रावणाच्या आत पोचेल असं बघ. माझी दोरी अजून भरलेली आहे.

तुझी काकू